अनुभवाचा रकाना

फॉर्मवर अनुभवाचा रकाना
बोटभर रुंद.
त्यात मी लिहिलं : अकरा वर्षं,
पेडणेकरांची खानावळ, परळ.
खिडकीतला माणूस म्हणाला, लेटरहेडवर आणा.

खानावळीला लेटरहेड नाही.
उधारीची वही आहे, तिच्यात गिऱ्हाइकं
टोपणनावांनी राहतात :
चष्मेवाला, रात्रपाळीचा वॉर्डबॉय,
पापलेट-फक्त-एक-तारखेला.
अनंतशेटनी तिचंच एक पान फाडलं,
गल्ल्यावर वाकून बराच वेळ लिहीत बसले.

‘सूर्यकांत भोगटे आमच्याकडे कांदा कापायला आला.
आता कालवणात मीठ कमी असलं
तर त्याला वासावरून कळतं.
दोनदा भाजला. रजा घेतली नाही.’
खाली सही. सहीवर तेलकट अंगठा उठला.
म्हणाले, शिक्को म्हणान चलात.

मग फी विचारली.
आकडा ऐकून पंख्याकडे बघत राहिले.
“इतक्या पैशांत टेम्पो येतलो रे झिला.
काय शिकवतत थंय? पाणी तापवूक?”

खरं सांगायचं तर, हो.
पहिल्या दिवशी पाणीच तापवलं.
थर्मामीटर धरून. बुडबुडे कुठल्या अंशाला
तळाशी चिकटून बसतात,
कुठल्या अंशाला सुटतात.
सगळीकडे अठरा-एकोणीसची पोरं, कडक इस्त्रीची,
आणि मी तिशीचा,
टोपीखाली कपाळ खाजवत,
वहीत लिहितोय : पाणी, शंभर.

रेबेलो मॅडमनी माझ्या हातातली सुरी थांबवली.
“बोटं आत वळवा. पेराच्या गाठी पुढे.
पातं गाठींना घासत जाऊ दे.”
इतकंच.

डाव्या तर्जनीवरचे व्रण मी त्या दुपारी मोजले. सात.
अकरा वर्षांत हे एक वाक्य
कोणी सांगितलं असतं तर, असं मनात आलं,
आणि लगेच आठवलं
की अनंतशेटची स्वतःची तर्जनी
नखाआधीच संपते.

पतपेढीचा हप्ता दहा तारखेला जातो.
बायको विचारते, शिकून आल्यावर
कांदा वेगळा लागणार आहे का?
मी म्हणतो, कांदा तोच, पगार वेगळा.
हे मी फार ठामपणे म्हणतो,
कारण मला माहीत नसतं.

मग गृहपाठ आला :
घरची एक पाककृती, सगळं ग्रॅममध्ये.
घर म्हणजे कुठलं, हे मी विचारलं नाही.
रविवारी चारला, शेवटचं ताट उठल्यावर,
परळला जाऊन फळीवर वजनकाटा मांडला.
म्हटलं, शेटनू, तिरफळातला बांगडा करा,
फक्त टोपात टाकायच्या आधी सगळं इथे टाका.

सोलं टाकली. बारा ग्रॅम.
दुसऱ्या टोपासाठी टाकली. एकोणीस.
“ह्या कसा?”
त्यांनी मला उत्तर दिलं नाही आधी.
माशाचा कल्ला उचलून दाखवला.
“पयलो ताजो होतो. ह्यो बर्फातलो.”
म्हटलं, मग तिसऱ्यांदा टाकून बघू, सरासरी काढतो.
“तिसरो बांगडो खंय हाडलंस?”

वहीत मी लिहिलं :
सोलं, बांगडा बघून.
लाल शाईत शेरा आला : परिमाण लिहा.
खोडलं. लिहिलं : १२ ते १९ ग्रॅम.
बरोबरची खूण मिळाली.

काटा आता मी घरीही घेतलाय, छोटा, सेलवर चालणारा.
बायको त्यावर मेथीची जुडी ठेवून बघते
आणि भाजीवाल्याला शिव्या घालते.

सात ग्रॅमांचं ते अंतर मात्र
अजून कुठल्याच तासाला आलेलं नाही.
येईल कदाचित.
दुसऱ्या सेमिस्टरला मासे आहेत.