शून्य कुठून धरायचं

विमानाच्या नाकापुढं दोन हातांवर
काहीच नाही.
सिमेंटवर तेलाचा जुना डाग, एक मेलेला भुंगेरा
आणि रहांगडाले सरांनी ओढलेली खडूची रेघ.
'इथून मोजायचं,' ते म्हणाले.
'सगळं. इंजिन, सीट, पेट्रोल, तू.'

अठून कायले, मी विचारलं.
'बनवणाऱ्यानं ठरवलं म्हणून.'

तीन चाकांखाली तीन काटे.
ओळंबा सोडला. थरथरला, थांबला.
वजन गुणिले अंतर, वजन गुणिले अंतर,
बेरीज, मग एकूण वजनानं भागायचं.
उरतो एक बिंदू,
ज्याच्यावर हे पत्र्याचं धूड
बोटावर पेन्सिल तोलावी तसं राहील.

आमच्या टोलीत घराचा पत्ता अजून
राईस मिलपासून तिसरं.
मिल पडून सोळा वर्षं झाली,
तिथं बेशरमाची झुडपं.
पोस्टमन तरी झुडपांपासूनच मोजत येतो
आणि चुकत नाही.

दुपारी सर म्हणाले, आता शेपटीपासून कर.
रेघ पुसली, मागं नेली.
सगळे आकडे बदलले, एकही ओळखीचा नाही.
दोन पानं भरली. वजाचं चिन्ह विसरले,
पुन्हा पहिल्यापासून.
शेवटी बिंदू निघाला तो
पंखाखालच्या त्याच रिवेटजवळ,
सकाळचा माझा ठिपका होता तिथंच.
सर चहाला गेले.
मी रिवेटवर बोट ठेवून उभी राहिले.

संध्याकाळी बाबा मामा तलावावरून आले,
कावडीला दोन टोपले शिंगाडे.
वाटेत एका टोपल्यातले अर्धे विकले गेले
की ते थांबत नाहीत, चालता चालता
खांदा जड टोपल्याकडं चार बोटं नेतात.
बाबा, मोजता कोठून?
त्यांनी सदऱ्याचा गळा बाजूला ओढला.
खांद्यावर कातड्याची गाठ, सुपारीएवढी.
'अठून,' म्हणाले. 'बाकी बांबू सांगते.'

उद्या माझी पहिली पाळी.
कंदिलाची गरज नाही, लाईट आहे आज.
वहीत माझं वजन लिहिलं, बावन्न.
सरांचं एक्क्याऐंशी, ते सत्तरच सांगतात.
खाली एक नवी ओळ:
मागचा कप्पा, उकडलेले शिंगाडे, दोन किलो.
बिंदू केसभर मागं सरकतो.
चालेल. मर्यादेत आहे.