कसर

मनामातल्या विद्यापीठात, वाचनालयाच्या तळघरात
बाहेर शेहेचाळीस, आत एकोणीस.
आर्द्रता पन्नासच्या वर गेली
की भिंतीवरचं यंत्र कण्हतं
आणि शौकत परकार शिडी घेऊन येतो.
दाभोळचा. खाऱ्या हवेशी जुनं वैर.
आजोबांचं गलबत खाल्लं हिनं, म्हणतो,
आता कागद तरी खाऊ देणार नाही.

टेबलावर मोत्यांच्या एका व्यापाऱ्याची वही,
पणतवानं खजुराच्या खोक्यातून आणून दिलेली.
पानापानांत कसरीनं कोरलेल्या खाड्या.
उजेडाकडे धरलं
की पलीकडचा माझाच अंगठा दिसतो.

मी गव्हाची खळ शिजवते
मंद आचेवर, गुठळी होऊ न देता.
आईच्या सुती साड्यांना असायची तीच;
इथे तिची नोंद ठेवावी लागते, एवढंच.
जपानी कागद फाडायचा, कापायचा नाही.
फाटल्या कडेचे तंतू धरून ठेवतात,
कापलेली कड नुसती शेजारी बसते.

बद्रिया मॅडमचा नियम एकच:
जे कराल ते पाण्यानं सुटलं पाहिजे.
आपल्यानंतर कोणी जास्त शहाणं येईल,
त्याची वाट अडवायची नाही.

एकशे बाराव्या पानावर अरबी थांबली
आणि समासात, आडवी,
मोडी.
आधी रेघ ओढून तिला टांगलेली अक्षरं.
ठाण्यात रविवारी शिकले होते, निम्मी विसरले.
एवढ्याशा मजकुराला दीड तास लागला:
सुंभ. नारळ. बाकी येणे.
कोणाकडून, तिथे
नखाएवढं भोक.

शौकत शिडीवरून वाकला.
काय लिहिलंय?
कोणाचं तरी देणं राहिलंय.
नाव?
कसरीनं खाल्लं.
मग सुटला बिचारा, म्हणाला,
आणि पुन्हा गाळणी झटकू लागला.

भोकाच्या काठाला एक वळण उरलंय.
प असेल. नसेलही.
शिडीवरच्या माणसाला मी ते सांगितलं नाही.

खळ लावली. कागद बसवला.
वर टीपकागद, काच, शिशाचं वजन.
कसर भरून निघाली,
अक्षर मात्र एकही लिहिलं नाही.
अहवालात: पान ११२. मजकूर अपूर्ण.
केलेलं काम उलगडता येईल असं.

येणे बाकी तशीच.

शौकतनं शिडी मिटली.
काटा अठ्ठेचाळीसवर.