कमरेकडे बघ

चेंडूकडे नको, समोरच्याच्या कमरेकडे बघ,
म्हणायचे वेर्नफ्रीड नोआक.
पाय थापा मारतात. डोळे तर पट्टीचे खोटारडे.
कंबर बिचारी, जायचं असतं तिकडेच वळते.

आम्ही बारा-तेरा वर्षांचे, त्यात मी एकटी मुलगी.
कंबर म्हटलं की सगळे खिदळायचे.
ते थांबायचे.
खिदळणं आपोआप विझेपर्यंत थांबायचे,
जसे तीनशे बारा सामने थांबले होते
पुढचा आधी चुकेपर्यंत.

गोल किती केले? येन्सने विचारलं.
एक, म्हणाले. कॉटबुसला, चिखलात.
आमच्याच जाळ्यात.
आणि बाहीने शिट्टी पुसत राहिले.

कागदोपत्री ते ब्रिकेटच्या कारखान्यात वायरमन.
आयुष्यात एक दिवा लावला नाही, रोझविथा सांगायची,
घरचासुद्धा.
तिच्या कात्रणांच्या वहीत ते सदा काठावर:
अर्धी पाठ, एक कोपर, पाच आकड्याचं पोट.
फोटोच्या मधोमध दुसराच कुणीतरी,
जमिनीवर आडवा.

मोठ्यांच्या संघाचे कोच झाले ते एकच हिवाळा.
कारखान्याला तेव्हा टाळं लागलेलं,
क्लबचं नाव वर्षात तीनदा बदललेलं,
आणि चांगले खेळाडू एकेक करून पश्चिमेला.
अकराव्या पराभवानंतर
बोलावण्याची वाट न बघता
त्यांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या,
जाळीचा एक फाटका कोपरा शिवून दिला,
मग आमच्याकडे आले.

ज्या गावात ते खेळायला शिकले
त्या क्लाइन-बुखनोखाली कोळसा निघाला होता.
आधी कबरी हलवल्या, मग चर्चची घंटा.
गोलचे खांब त्यांनी स्वतः पान्याने सोडवले,
नट-बोल्ट कोटाच्या खिशात घातले.
यंत्र आलं ते घंटाघराहून उंच,
रोज थोडं थोडं शेत, बोळ, पेरची झाडं खात.
कुंपणापाशी उभे राहून ते बघत होते म्हणे
पूर्ण दुपार.
आम्हाला एवढंच सांगितलं:
त्याला कंबर नव्हती.

कुणीच खिदळलं नाही तेव्हा.

त्याच वर्षी, फेब्रुवारीत, माझा बाप
स्वयंपाकघरात उभा राहून म्हणाला,
हानोव्हरला काम आहे,
ईस्टरपर्यंत येतो.
डोळे आईकडे. हात माझ्या डोक्यावर.
मी कमरेकडे बघितलं.
ती केव्हाच दाराकडे वळली होती.

कुणाला काही बोलले नाही.
शनिवारी नोआकनी मला डाव्या बगलेला लावलं,
पूर्ण सामना, एकदाही न बदलता,
आणि माझ्याच रेषेलगत
गुडघा ओढत चालत राहिले वर-खाली.
एकच शब्द ओरडायचे, तोही फार मोठ्याने नाही:
थांब. थांब. अजून थांब.
चार-शून्यने हरलो.
माझ्या बाजूने एकही गेला नाही.

खाणीत पाणी भरायला बावीस वर्षं लागली.
आता तिथे तळं आहे, शिडाच्या होड्या आहेत,
आइस्क्रीमची गाडी आहे,
आणि पाटीवर गावाचं नाव, तेही चुकीच्या स्पेलिंगने.
मी लाइपझिगहून मुलाला घेऊन आले.
नोआक घडीच्या खुर्चीत, मांडीवर घोंगडी.
हात लांबवून दाखवू लागले:
तिथे आमचा पेनल्टीचा ठिपका.
नाही, तिथे नाही. त्या पिवळ्या बोयाच्या
जरा डावीकडे.

माझ्या पोराचा चेंडू पाण्यात गेला होता.
वाऱ्याने तो बोयाकडे सरकत होता
आणि पोर रडकुंडीला आलेलं.
नोआक उठले. गुडघा कडकन वाजला.
काठाशी जाऊन उभे राहिले,
बूट अर्धे पाण्यात, हात अंगापासून थोडे दूर.

येऊ दे, म्हणाले पोराला,
घाई नको करू.

मागून रोझविथा ओरडत होती
की थर्मासमधली कॉफी निवते आहे.