बाब क्रमांक सतरा

ओहायो नदीच्या काठी आमचं शहर,
आणि मी त्याच्या नगरसभेची कारकून.
कोण बोललं, कोणी सुचवलं, कोणी अनुमोदन दिलं,
बावीस वर्षं टिपतेय.
माझ्या हस्ताक्षरात या शहराने
दोन पूल बांधले, एक शाळा पाडली,
कुत्र्यांच्या परवान्यावर चार तास भांडण केलं.

त्या मंगळवारी पडद्यावर नवा काठ होता :
हिरवळ, दिव्यांचे खांब, फुगा धरलेली मुलगी.
संगणकाने काढलेली माणसं,
एकाची सावली पूर्वेला, दुसऱ्याची पश्चिमेला.
राज्याकडून नव्वद लाख डॉलर,
वॉशिंग्टनकडून एक कोटी दहा लाख,
उरलेले रोख्यांतून, वीस वर्षांत फेडायचे.
रोखे म्हणजे काय ते मला आता कळतं :
फीत आज कापायची,
कात्रीचं बिल नातवंडांच्या नावावर.

तरी आकडा बसेना.
महापौरबाई म्हणाल्या, कुठेतरी हात आखडायला हवा.
बाब क्रमांक सतरा :
पाण्यापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या. वगळल्या.
कठडा ठेवला. न गंजणारा, नऊशे फूट.
सूचक बर्डेट, अनुमोदक क्विगली.
विरोधात कोणी नाही.

मग नागरिकांची पाळी, प्रत्येकी तीन मिनिटं.
व्हर्लिन स्ट्राउड उठला, टोपी हातात.
एकतीस वर्षं कोळशाच्या बार्जेसना दोर बांधलेला माणूस,
बोलण्याआधी घसा खाकरतो,
त्यातच वीस सेकंद गेले.
म्हणाला, छान आहे. दिवे छान आहेत.
कुठून आणले विचारलं. कोणी सांगितलं नाही.
मग म्हणाला, आमची डॉरीन
रविवारी चपला हातात घेऊन
जुन्या धक्क्यावरून खाली उतरायची, पाय सोडून बसायची,
मी गळ टाकायचो, मासा क्वचितच.
आता सांगा, तुम्ही काठ बांधताय, की नदीला

घंटी.

घंटी माझ्याच हातात असते.

नियम सरळ आहे : घंटीपर्यंतचं लिहायचं.
ध्वनिक्षेपक बंद झाला, व्हर्लिन झाला नाही,
आणि माझं टेबल त्याच्यापासून पाच फुटांवर.
"...की नदीला काचेच्या कपाटात ठेवताय,
लग्नात आलेल्या कपबश्यांसारखी?"

बावीस वर्षांत पहिल्यांदा
घंटीनंतरचं वाक्य मी लिहिलं.
पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करतात.
वाचत कोणीच नाही.
कायम? कायम.

दीड वर्ष खांब ठोकले जात होते.
माझ्या कॉफीत दर चार सेकंदांनी एक वर्तुळ उठायचं
आणि काठाला जाऊन विरायचं.
चिखलात पाटी उभी राहिली :
तुमचा पैसा, तुमच्या कामी.
पाटीचे सहा हजार वेगळे.

मग राज्याच्या लेखापरीक्षणातून एक मुलगी आली.
नवीन असावी, कारण तिने सगळं वाचलं.
अनुदानाच्या अर्जात, पान चौतीस,
'लोकांना पाण्यापर्यंत वाट' असं लिहिलंय.
वाट कुठे आहे? तिने विचारलं,
आणि इतिवृत्तातल्या कपबश्यांवर
पेन्सिलीने हलकी रेघ ओढली.
त्या दुपारी महापौरबाईंनी
माझ्याकडे पाहिलं नाही.

दिव्यांचे सात खांब कमी झाले.
पायऱ्या आल्या. चाळीस नाहीत, अकरा.

उद्घाटनाला वाद्यवृंद होता, लिंबूपाणी होतं,
खरी मुलं होती, खऱ्या सावल्यांसकट.
एका फुग्याचा दोरा सुटला,
तो पलीकडच्या केंटकीत गेला.
व्हर्लिन दिसला नाही.

दिसला ऑगस्टच्या सभेत. टोपी हातात, घसा खाकरून.
पायऱ्या बऱ्या आहेत, म्हणाला.
शेवटच्या पायरीवर बसून बघितलं.
पाणी उतरलंय, पाय पोचत नाहीत,
एक वीत कमी पडते.
तुम्ही हात आखडलात ना,
तो नेमका तिथे दिसतो.

कोणीतरी हसलं. बर्डेटने घड्याळ पाहिलं.
व्हर्लिन अजून त्या वितीबद्दलच बोलत होता,
हात पुढे करून, अंगठा आणि करंगळी ताणून.
महापौरबाई म्हणाल्या,
मार्चमध्ये पाणी चढलं की बघू.

तेही लिहिलं.