एका अंड्याची जमा

सव्वीस वर्षं मी सांगलीच्या मार्केट यार्डात
हळदीच्या पेढीवर दिवाणजी होतो.
हळकुंड मोडताना कानाशी धरून
सांगायचो, आत ओल किती राहिलीय.
सौदा रुमालाखाली व्हायचा.
बोटं बोटांना दर सांगायची,
तोंडं पावसापाण्याचं बोलायची.
तेव्हा धंदा म्हणजे काय
हे मला कुणी शिकवू नये.

रविवारी तेच हात धुऊन
(हळद जात नाही, नखांत राहतेच)
मिरजेच्या चर्चमध्ये दानाच्या थैल्या मोजायचो.
खजिनदार, शद्रख येसुदास अवळे.
नाण्यांच्या चळती, फाटक्या नोटा वेगळ्या.
एकदा शर्टाचं बटण निघालं.
तेही डबीत ठेवलं,
देणाऱ्याला परत लागलं तर.

कापणीच्या सणाचा लिलाव मीच पुकारायचो.
वेदीपुढे ऊस, शाळूची कणसं, भोपळे,
पाय बांधलेला कोंबडा,
तो नेमका आशीर्वादाच्या वेळी आरवायचा.
आणि सुंदराबाई सदामत्यांचं एक अंडं,
वाटीत, मूठभर तांदळावर.

मास्तर पन्नास म्हणाले,
पैसे दिले, अंडं परत वाटीत ठेवलं.
"पुकारा पुन्हा."
दवाखान्यातल्या सिस्टर शंभर. परत वाटीत.
रिक्षावाला शांतवन दीडशे. परत.
दुपारपर्यंत त्या एका अंड्यावर
नऊशे चाळीस रुपये जमले
आणि अंडं सुंदराबाईंच्याच पदरात घरी गेलं,
नातवाला उकडून.
यार्डात मी असा सौदा केला असता
तर शेठनं त्याच दिवशी किल्ल्या काढून घेतल्या असत्या.

आता विश्रामबागच्या रस्त्याला नवा हॉल झालाय.
एसी, रंगीत धूर, दारात कॉफी,
पाळकांचा फोटो फ्लेक्सवर, बँड पथकाएवढा.
आमची पोरं तिकडे जातात.
आमचे पाळकही मीटिंगमध्ये विचारू लागले,
"अवळेकाका, ग्रोथ कुठंय?"
पुण्याहून सल्लागार आला.
त्यानं पडद्यावर दाखवलं: माणशी दान किती,
रिकामं बाक वर्षाला किती रुपयांना पडतं,
कंपाउंडला रस्त्याकडून सात गाळे कसे निघतात.

मी काही त्याला हाकललं नाही.
छत गळत होतं. पेटीचा भाता उंदरांनी खाल्लेला.
प्रार्थना केली म्हणून वीजमंडळ बिल माफ करत नाही.
गाळ्यांच्या करारावर तिसरी सही माझीच आहे.
भाडं वेळेवर येतं,
आणि त्या रात्री मला झोपही चांगली लागली,
हे लिहून ठेवतो.

यंदा लिलाव नाही.
वेळ जातो, कचरा होतो, शिवाय तो कोंबडा.
वेदीपुढे एक स्टँड, त्यावर कोड.
लोक रांगेनं फोन पुढे करत होते
आणि खिडकीतला डबा दर वेळी
बाईच्या आवाजात रक्कम पुकारत होता.
पाचशे रुपये प्राप्त.
दोन हजार रुपये प्राप्त.
अकरा रुपये प्राप्त,
तेव्हा एका पोरानं मान खाली घातली.
अहो, यार्डातसुद्धा रुमाल असायचा.

सुंदराबाई आल्या. वाटी तीच.
कोडाकडे बघत राहिल्या,
रांगोळीचे ठिपके चुकल्यासारख्या.
मग वाटी स्टँडच्या पायाशी ठेवून
मागच्या बाकावर जाऊन बसल्या.
डबा काही बोलला नाही.

सगळे गेल्यावर मी हिशेब घेऊन बसलो.
कॉम्प्युटरमध्ये रकाने चारच:
रोख, चेक, ऑनलाइन, भाडं.
शिपायानं विचारलं, हे टाकून देऊ का?
मी अंडं घेतलं, कानाशी धरून हलवलं.
आवाज आला नाही. ताजं होतं.

उभा राहिलो. समोर बाकं,
ज्यांची किंमत आता मला पाठ आहे.
"पन्नास," मी म्हणालो, आणि नोट काढली,
आणि अंडं परत वाटीत ठेवलं.
पन्नास एक वार.
पन्नास दोन वार.
शिपाई झाडू धरून बघत होता.
तिसरा वार काही
तोंडातून निघेना.