वीस हजारांच्या वर

मी कापते.
डंडी शहरात, टे नदीकडे तोंड असलेल्या तिसऱ्या मजल्यावर
कोटांनी भरलेल्या एका कपाटात
ती दोघं बोलतात, आणि मी कापते:
खोकला, ‘म्हणजे’, खुर्चीची कुरकुर,
सीगलनं खिडकीतून मध्येच दिलेलं मत.
कपाट अशासाठी, की लोकर आवाज गिळते.
डुगल म्हणतो, माझे विनोद लोक कोटाशिवायच गिळतात,
वर ढेकरसुद्धा देत नाहीत.

कार्यक्रमाचं नाव ‘अर्धा मेंदू झोपेत’.
डॉल्फिनवरून घेतलेलं. तो अर्ध्या मेंदूनं झोपतो,
एक डोळा उघडा ठेवून.
रात्रपाळीची बस चालवणाऱ्याला यात नवं काय,
डुगल विचारतो, कुणीतरी समजावून सांगा.

इश्बेल समजावून सांगते.
तिला दुसरं काही येतच नाही.
शेवाळातली पाणअस्वलं मोजण्यात तिची नऊ वर्षं गेली,
मग विद्यापीठाकडचा पैसा आटला.
पाणी आटलं की पाणअस्वल आठही पाय आत ओढून घेतं,
इवलंसं पिंप होऊन पडून राहतं
वर्षानुवर्षं, एखादा थेंब येईपर्यंत.
‘आणि तू?’
‘मी शाळेत, बदली शिक्षिका.’
इथं श्रोते हसतात.
निदान आम्ही तेवढी जागा सोडलेली असते.

भाग एकसष्ठ, उंदीर.
गुदगुल्या केल्या की उंदीर हसतो.
हसतो म्हणावं का, यावर इश्बेल चार मिनिटं अडली,
त्यातली तीन मी कापली.
पण चिवचिवतो नक्की,
सेकंदाला पन्नास हजार कंपनांच्या आसपास,
आणि आपले कान वीस हजारांवर दुकान बंद करतात.
हात काढून घेतला तर हाताच्या मागे धावतो, आणखी हवं म्हणून.
हसतील त्याचे दात दिसतील, डुगल म्हणाला,
उंदराचे कायमच दिसतात,
मग बिचाऱ्याचं कुणाला कळायचं कसं?

तो आवाज मी संथ करून वाजवला.
ओल्या काचेवरून बोट फिरावं, तसं काहीतरी.
म्हणजे कोठारांत, गलबतांच्या पोटात, भिंतींच्या मागे
इतकी शतकं हे चाललेलं होतं
आणि आपण, किती शांत आहे, म्हणून कूस बदलत होतो.

ते रेकॉर्डिंग शुक्रवारचं.
गुरुवारी आर्ब्रोथला इश्बेलच्या आईला मूठमाती दिली होती.
काळा कोट तिनं कपाटातच टांगला,
तोही आवाज गिळायला लागला.
आज राहू दे का, डुगलनं विचारून पाहिलं.
ती म्हणाली, उंदीर कुठे थांबलेत.

पस्तिसाव्या मिनिटाला त्यानं तो विनोद केला.
इथं सांगत नाही. बरा होता.
आईबद्दल नव्हता, आणि होताही.
पडद्यावरची रेष सपाट झाली.
अकरा सेकंद.
एक श्वास आहे त्यात, अस्तराची सळसळ,
लांब पुलावरून जाणारी मालगाडी.
माझं बोट कात्रीवर.
रात्री संकलनाला डुगल मागे उभा होता, बसच्या गणवेशात,
म्हणाला, ऊना, असू दे ते.

आमचे श्रोते चारशे बारा.
तिघांनी कळवलं, फाइल बिघडली आहे.
एकानं पैसे परत मागितले, कार्यक्रम फुकट असून.
उत्तर समुद्रातल्या तेलाच्या फलाटावर
मॅग्नस नावाचा एक क्रेनवाला आहे, त्यानं लिहिलं:
त्या गप्प जागेवर मी हसलो.
जोडीदारानं विचारलं काय झालं,
तर सांगता येईना.

मी ते अकरा सेकंद रोज उघडते, असं नाही.
पण आमचा माइक स्वस्तातला,
वीस हजारांच्या वरचं त्याला काही ऐकू येत नाही,
खोक्यावरच छापलंय.

काल इश्बेलला विचारणार होते.
ती जिना चढून आली, धुक्यानं भिजलेली,
दोन्ही हातांत तळलेल्या माशांच्या पुड्या,
म्हणून पुढच्या भागाचे कागद दातांत धरलेले.
तसंच काहीतरी बोलली. मला समजलं नाही.
मी विचारलं नाही.
तिच्या तोंडातले कागद घेतले
आणि रेकॉर्डचं बटण दाबलं.