तिळाहून बारीक

एनोरा विचारते, तुला नेमकं दिसतं काय?
बघ, म्हणते मी.
ती बघते. दोनशे वॅटच्या दिव्याखाली
माझ्या डाव्या मुठीत एक दिवसाचं पिल्लू,
आधी दाबून शी काढलेली,
मग अंगठ्याने कड उलटवलेली,
डोळ्यात गेलेलं काढताना पापणी उलटवतात तशी.
आत एक फुगवटा. तिळाहून बारीक.
असला तर नर. नसला तर मादी.
कधीकधी असूनही मादी.
असूनही?
हो. तिचा अंगठ्याखाली विरतो.
त्याचा चकाकतो, हटत नाही.
आणि विरल्यासारखं करून जो विरत नाही, तो?
एवढं विचारेपर्यंत माझ्या हातून तीन पिल्लं गेली,
दोन डाव्या पेटीत, एक उजव्या.

लूदेआकच्या बाहेर, मक्याच्या शेतांमागे ही हॅचरी.
पहाटे चारला ट्रे येतात, शंभर-शंभरांचे,
अंगाला अजून कवचाचा ओला वास.
तासाला हजार.
शंभरात दोन चुकली तर माफ,
तिसऱ्याचे पैसे पगारातून.

एनोरा सांगते, तिच्या मामाकडे एक अंगठी होती,
दोऱ्याला बांधून पिल्लावर धरायची.
गोल फिरली तर कोंबडी, सरळ झुलली तर कोंबडा.
बरोबर यायचं?
निम्म्या वेळा, म्हणते ती, आणि स्वतःच हसते.

मला देगूमध्ये प्यो सरांनी शिकवलं.
शिकवलं म्हणजे मागे उभे राहिले,
हातात जेवणाची एक काडी.
चुकलं की बोटांच्या पेरांवर टक्.
का चुकलं ते कधी सांगितलं नाही.
तीन महिन्यांनी एका दुपारी
टक् आलाच नाही. मागे वळून पाहिलं,
सर जेवायला गेले होते.

आमच्या गावी मुलगा झाला की दारावर
गवताची दोरी बांधत, तिच्यात लाल मिरच्या.
मुलगी झाली की कोळसा आणि पाइनची डहाळी.
आमच्या दारावर चारदा कोळसा.
चौथी मी. मल्जा. म्हणजे शेवटची,
म्हणजे आता पुरे.
नाव ठेवलं म्हणावं की नावं ठेवली?
माझ्यानंतर पाचवी झाली.
तिला काय म्हणावं ते महिनाभर कुणाला सुचेना.

इथे कोळशावाल्या ठेवतात. अंडी घालणाऱ्या.
मिरचीवाले पट्ट्यावरून
भिंतीतल्या चौकोनातून पलीकडे.
एकोणतीस वर्षांत मी पलीकडे गेले नाही.
आवाज येतो. पहिल्या वर्षी कानात कापूस घालायचे,
मग मोजणी चुकायला लागली.

एकदाच,
आईची बातमी आली त्या पहाटे,
एक नर मी डावीकडे टाकला.
चुकून नाही.
पाच महिन्यांनी कारंतेकच्या शेतकऱ्याचा फोन:
तुमची एक कोंबडी आरवतेय.
पैसे कापले. पावती आहे माझ्याकडे.

आता नवं यंत्र आलंय.
कवचातूनच बघतं, तेराव्या दिवशी,
पिसांचा रंग. हातात काही घेत नाही.
तपकिरी जातीला चालतं, पांढऱ्यांना अजून नाही.
चौदा जणी होतो, तिघी उरलो.
पांढऱ्यांचंही जमलं की?
एनोराने विचारलं होतं, पहिल्याच दिवशी.
मी दिवा तिच्याकडे वळवला होता.

आज ती पिल्लू उचलते. मूठ नीट,
मान बोटांमध्ये, पण आवळलेली नाही.
काय दिसतं?
काही नाही.
मग?
हात आधीच डावीकडे गेलेला असतो.
कशावरून? विचारते मी.
ती रिकाम्या हाताकडे बघते.
माहीत नाही.

मी काडी खाली ठेवते.
पुढचं घे.